विनापरवाना चूक

दृक्श्राव्य माध्यम विभागात दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका मुलीचा संगीत-व्हिडिओ पहिल्याच प्रयत्नात चांगला झाला, आणि तिच्या शैक्षणिक नुकसानीला तेथून सुरुवात झाली.

या मुलीला वर्गात सगळे मोजपट्टी म्हणत. ती कोणतेही काम मोजूनमापून करी. चित्रीकरणाआधी प्रत्येक शॉट कागदावर काढून भिंतीला चिकटवी, बॅटऱ्या आदल्या दिवशी भरून ठेवी, आणि लेन्सचे झाकण स्वतःच्याच खिशात ठेवी, कारण दुसऱ्याच्या खिशावर तिचा विश्वास नव्हता. "हिचं सगळं वेळच्या वेळी," असे तिची आई म्हणे. "जन्मालासुद्धा डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेलाच आली." हे कौतुक होते की गाऱ्हाणे, याचा घरात कधी उलगडा झाला नाही.

तिच्या गटात आणखी दोघे होते. कॅमेरा सांभाळणाऱ्याला त्याच्या उंचीमुळे आणि हलायच्या कंटाळ्यामुळे खांब म्हणत. गाणाऱ्याला भोंगा म्हणत. त्यामागचे कारण पहिल्या ओळीतच कळे. व्हिडिओसाठीचे गाणे भोंग्यानेच रचले होते. धुलाईत एक मोजा हरवतो आणि त्याचा जोडीदार कपाटात एकटाच पडून राहतो, असा त्याचा विषय. 'तू डावा, मी उजवा, पाय निराळे, वीण एक' असे ध्रुपद होते. सांगताना वाटते तितके ते वाईट नव्हते.

मोज्याचे गाणे म्हटल्यावर चित्रीकरणाला मोजपट्टीच्या मावशीची लाँड्री ठरली. मावशीने अट घातली. "मशीन रिकामं फिरवायचं नाही. वीज काय तुमच्या सरांच्या घरून येते? फिरवायचंच असेल तर धुणं घालून फिरवा." तेव्हा दुकानाच्या सुटीच्या दिवशी, गिऱ्हाइकांच्या चादरी आत गरगरत असताना, मशीनच्या गोल काचेशी तोंड नेऊन भोंगा गायला. ठेका मशीनच्याच घरघरीचा धरला. उजेड असेपर्यंत सगळे आटोपले.

एडिटिंग झाल्यावर मोजपट्टीने मावशीला फोनवर व्हिडिओ दाखवला. मावशी इस्त्री बाजूला ठेवून बघत राहिली. "बरा आहे," म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "परत लाव." दुसऱ्या खेपेला, एकटा मोजा काचेला चिकटून राहतो त्या शॉटला, तिने चष्मा काढून पुसला. "वाफ फार होते इथं," असे कारण दिले. इस्त्री तेव्हा बंद होती.

येथे विभागाच्या धोरणाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. माणूस चुकांतून शिकतो, हा शोध विभागाला काही वर्षांपूर्वी लागला होता. शोध खरा असल्यामुळे त्याची अंमलबजावणी टाळता येण्यासारखी नव्हती. समिती नेमली गेली, समितीचे चहापान झाले, आणि असे ठरले की शंभरांपैकी वीस गुण व्हिडिओला द्यावेत आणि ऐंशी गुण 'चुका व चिंतन' या प्रकरणाला. प्रत्येक चुकीखाली कारण, भावना आणि बोध लिहायचा. जो जास्त चुकतो तो जास्त शिकतो, हे ओघानेच आले. जो चुकत नाही त्याचे काय करायचे, हा प्रश्न मोजपट्टी येईपर्यंत कोणाला पडला नव्हता.

विभागप्रमुखांनी तिला आपल्या खोलीत बोलावले. टेबलावर तिचे काम पडले होते.

"चुकांचं प्रकरण कोरं आहे," प्रमुख म्हणाले.

"सर, चुका फारशा झाल्याच नाहीत. आम्ही आधी तालीम केली होती ना."

"तालीम?" प्रमुखांनी चष्म्यावरून पाहिले. "कोणी सांगितली होती?"

"कोणी नाही. आपणहून केली."

"म्हणजे शिकायची संधी तुम्ही आपणहून टाळलीत." त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःख होते. "तुमच्यासारख्या हुशार मुलीकडून ही अपेक्षा नव्हती."

"सर, तुम्ही व्हिडिओ बघितलात का?"

"व्हिडिओ वीस गुणांचा आहे. आधी ऐंशीचं बघू."

मग प्रमुखांनी तिला हाताला धरल्यासारखे विभागाच्या प्रदर्शन-दालनात नेले आणि गेल्या वर्षीच्या सुवर्णपदक विजेत्याचे काम दाखवले. भिंतीवरच्या पडद्यावर संपूर्ण काळोख होता. त्या विद्यार्थ्याने अख्खे चित्रीकरण लेन्सचे झाकण न काढता केले होते आणि त्यावर 'अंधार: माझा गुरू' हे जाडजूड चिंतन लिहिले होते. पाहुणे येत, काळ्या पडद्यासमोर हात मागे बांधून उभे राहत आणि माना डोलावत. एकाने तर मध्यंतर कधी आहे, असेही विचारले होते.

"बघा," प्रमुख म्हणाले, "केवढं शिकला असेल हा मुलगा!"

"सध्या काय करतो?"

"सध्या तो आपल्याकडेच झाकणाविषयी शिकवतो."

मोजपट्टीला पुनर्चित्रीकरणाचा आदेश मिळाला. या वेळी चुका करायच्या होत्या, पण वाटेल तशा नव्हेत. विद्यार्थी मनाला येईल तिथे चुकू लागले तर शिस्त राहणार नाही, म्हणून चुकांची एक अधिकृत यादी होती, आणि त्यातल्या चुकांना चित्रीकरणापूर्वी मंजुरी घ्यावी लागे. चुका करताना काही चुकू नये, एवढाच विभागाचा हेतू होता. लेन्सच्या झाकणाचा कोटा त्या वर्षीपुरता भरला होता. मोजपट्टीच्या गटाला 'फोकस जाणे', 'माइक फ्रेममध्ये येणे' आणि 'पार्श्वभूमीचा पडदा ऐनवेळी पडणे' या चुका मंजूर झाल्या.

चुका हातात आल्यावर त्या वाटून घ्यायची वेळ आली. ज्याची चूक त्याचे गुण, असा नियम होता. तिघे कँटीनमध्ये बसले आणि पहिल्या वर्षापासून एकमेकांना वह्या देत आलेल्या त्या मित्रांत जन्मात झाले नव्हते असे भांडण झाले.

"फोकस मी घालवणार," खांब म्हणाला. "कॅमेरा माझ्या हातात आहे."

"पण फोकस बघ, असं तुला सांगायचं काम माझं आहे," मोजपट्टी म्हणाली. "मी सांगायला विसरले तर मूळ चूक माझी."

"तू विसरलीस तरी मला दिसत असतंच की! मी दिसूनही दुर्लक्ष करणार. माझी चूक जास्त गंभीर आहे."

"आणि मी काय नुसता गात बसू?" भोंगा म्हणाला. "मी बेसूर होतो. सांगा तसा होतो."

"ते तू आधीच्या व्हिडिओतही होतास," खांब म्हणाला.

"ती चूक नव्हती. ती शैली होती."

शेवटी फोकस खांबाला, माइक भोंग्याला आणि पडदा मोजपट्टीला, अशी वाटणी झाली. चहा थंड झाला होता आणि कोणी कोणाकडे बघत नव्हते.

मावशीला हे पटवणे त्याहून अवघड गेले. "चांगला झालेला परत का करायचा?" ती म्हणाली.

"नियम आहे गं मावशी."

"मग या वेळी तालीम तरी नाही ना? नीटच करायचं नाही म्हटल्यावर?"

"तालीम तर जास्तच करावी लागेल," मोजपट्टी म्हणाली. "नाहीतर चुकून बरोबर व्हायचं."

मावशीने कपाळाला हात लावला. पण भाचीचे वर्ष वाया जाईल म्हटल्यावर तिने सुटीच्या दिवशी दुकान पुन्हा उघडून दिले. लाँड्रीत पडदा नव्हता, तो पडण्यासाठी मुद्दाम लाल कापड आणून टांगण्यात आले. "मी जरा माल पोचवून येते," जाताना मावशी म्हणाली. "मशीनला हात लावाल तर बघून लावा."

चित्रीकरण सुरू झाले, आणि काही केल्या चुका होईनात. खांबाने फोकस घालवला की कॅमेरा तो आपोआप परत आणी. कॅमेरा महाग होता आणि त्याला धोरण ठाऊक नव्हते. भोंग्याने माइक फ्रेममध्ये ढकलला, तर तो कोपऱ्यात असा शोभून दिसला की मुद्दाम ठेवल्यासारखा वाटला. पडदा तर पडेचना, कारण तो मोजपट्टीने बांधला होता. दोरी ओढली, खुर्ची हलवली, भोंग्याने मोठ्याने वरचा सूर लावून पाहिला. पडदा जागचा हलला नाही. मोजपट्टी घामाघूम झाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला नापास होण्याची भीती वाटत होती, आणि तीही चुकण्याच्या विषयात.

अखेर तिने गाठ सैल केली. पडदा पडला, पण गाण्याच्या पहिल्या कडव्यातच, आणि नेमका जमिनीवर सांडलेल्या साबणाच्या पाण्यात. मंजुरी दुसऱ्या कडव्याची होती.

"परत घ्यावं लागेल," मोजपट्टी म्हणाली. "आधी हा धुऊन काढा कोणीतरी."

भोंग्याने ओला पडदा उचलला, समोरच्या मशीनचे दार उघडले आणि आत कोंबला. मोजपट्टीचे डोळे मंजुरीच्या कागदावर होते. पडदा कोणत्या ओळीला पडायचा, कोणत्या बाजूला पडायचा आणि तो पाहून कोणी कसे दचकायचे, हे ती पुन्हा वाचत होती. "सुरू," ती म्हणाली, आणि कागदावरची नजर न काढता हात लांब करून तिने बटण दाबले.

आतमध्ये रुग्णालयाचे कोट होते. मावशीने सकाळीच भरून ठेवलेले, सगळे पांढरे. पडदा नवा होता आणि त्याचा रंग कच्चा होता.

आधी काचेआड एक लाल रेघ उमटली. मग ती फुलली, पसरली, फेसातून वर चढली, पांढऱ्या बाह्या तिच्यात बुडाल्या आणि गुलाबी होऊन वर आल्या. खांबाने आपणहून पुढे होऊन ते सगळे टिपले. फोकस क्षणभरही गेला नाही. "काय शॉट आहे!" तो हळूच म्हणाला. भोंगाही गाणे विसरून बघत राहिला. मशीन थांबले, दार उघडले, आणि मोजपट्टीने पहिला कोट बाहेर काढला तेव्हा कुठे तिघांना आपण काय बघत होतो ते कळले.

आता तिघांच्या वागण्यात फार मोठा बदल झाला. चुकांसाठी हातघाईवर आलेले ते तिघे; पण ही चूक जमिनीवर पडून राहिली आणि तिला कोणी हात लावेना.

"मी तर कॅमेऱ्यामागे होतो," खांब म्हणाला.

"पडदा मी टाकला, पण धुवा असं मला सांगितलं होतं," भोंगा म्हणाला. "कुठं धुवा ते सांगितलं नव्हतं."

"बटण तर तू दाबलंस," खांब मोजपट्टीला म्हणाला.

"हो, दाबलं हिनंच. मी बघितलं."

मग दोघांनाही एकाच वेळी घरचे एक अत्यंत तातडीचे काम आठवले. ते काम दोघांचे मिळून एकच असावे, कारण दोघे एकाच दिशेने गेले.

मावशी आली तेव्हा मोजपट्टी ओल्या कोटांच्या ढिगाजवळ उभी होती. "मावशी, माझ्याकडून चूक झाली," एवढेच ती म्हणाली. कारण, भावना, बोध यांतले काहीच तिला सुचले नाही.

मावशीने एक कोट उचलला, दारातल्या उजेडात धरला, आणि ती गठ्ठ्यावर बसली. "दवाखान्याचे आहेत गं हे," ती म्हणाली. मोजपट्टीला ठाऊक होते. दुकानात येणाऱ्या चादरी आणि शर्ट हे वरचे चुरमुरे. पोट भरत होते ते दवाखान्याच्या कामावर. ते गेले तर शटर खाली ओढायचे, एवढेच मावशीच्या हातात उरणार होते. मावशी ओरडली असती तर बरे झाले असते. दोघींनी मिळून कोट पुन्हा धुतले, सोडा घातला, लिंबू पिळले, उन्हात घातले. डाग गेले; म्हणजे सगळा कोटच एकसारखा गुलाबी झाला. इतका सारखा रंग मुद्दाम द्यायचा म्हटले तरी कोणाला जमला नसता.

दुसऱ्या दिवशी मोजपट्टी प्रमुखांकडे गेली. तिला वाटले होते, खऱ्या चुकीला निदान थोडे गुण मिळतील आणि रुग्णालयाला विभागाकडून एखादे पत्र जाईल. प्रमुखांनी सगळे ऐकून घेतले आणि खुर्ची थोडी मागे सरकवली.

"ही चूक यादीत नाही," ते म्हणाले.

"नाही सर. ती खरोखरच झाली."

"तेच तर. पूर्वनियोजन नाही, मंजुरी नाही. ही विनापरवाना चूक आहे. हिच्याशी विभागाचा संबंध नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्ही मला हे सांगितलंच नाहीत."

तेव्हा मावशी आणि मोजपट्टी कोटांचे गठ्ठे घेऊन रुग्णालयात गेल्या. तेथे कपड्यांचे काम भांडारपाल बघत. त्यांनी गठ्ठा सोडला, आतला रंग बघितला आणि पुन्हा बांधला.

"माझी चूक आहे," मोजपट्टी म्हणाली. "मावशीचा काही संबंध नाही."

भांडारपाल ताडकन उठले आणि त्यांनी दार लावून घेतले. "हळू बोला! बाहेर पेशंट बसलेत."

"पण चूक माझीच आहे."

"असेल हो. पण असं कोणी बोलतं का? आणि मी ते लिहू कुठं?" त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "आमच्याकडे कापडाचा दोष आहे, पाण्याचा दोष आहे, वाहतुकीतला दोष आहे. अगदीच काही नाही तर हवामान आहे. माणसाचा रकाना नाही."

"मग नवा करा."

"बाई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय मागताय? एकदा तो रकाना झाला की उद्या त्यात डॉक्टरांना बसवतील! पाण्याचा दोष म्हणा आणि मोकळ्या व्हा."

"पाणी चांगलं होतं," मावशी म्हणाली. इतका वेळ गप्प असलेली मावशी पाण्यासाठी मात्र बोलली. "माझ्या पाण्याला नाव ठेवायचं नाही."

प्रकरण हाताबाहेर जात आहे हे पाहून भांडारपालांनी त्या दोघींना अधीक्षकांपुढे उभे केले. अधीक्षक फार मोठे डॉक्टर होते. इतके मोठे, की त्यांनी बऱ्याच वर्षांत रुग्ण पाहिला नव्हता. त्यांनी गुलाबी कोट हातात घेतला, उलटापालटा केला, आणि नुकसान नेमके किती झाले ते पाहण्यासाठी अंगात घातला. तेवढ्यात त्यांना कोणीतरी वॉर्डात बोलावले आणि ते तसेच गेले. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना पाहून म्हटले, "बरे दिसताय हो डॉक्टर. नाहीतर कोणी डॉक्टर आले की मला वाटायचं, आता काही खरं नाही."

अधीक्षकांना त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत कोणी बरे दिसताय असे म्हटले नव्हते. ते खोलीत परतले ते निराळेच होऊन. पांढरा रंग रुग्णाला घाबरवतो आणि गुलाबी रंग धीर देतो, असे रुग्णालयाच्या प्रदीर्घ अभ्यासातून सिद्ध झाल्याचे परिपत्रक दिवस मावळायच्या आत निघाले. यापुढे सर्व डॉक्टरांचे सर्व कोट गुलाबी राहणार होते.

"म्हणजे आता सगळेच खराब करून द्यायचे?" मावशीने विचारले.

"खराब नव्हे, ताई," भांडारपाल म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रक्त आले होते. "प्रमाणित."

ही बातमी विभागात पोचली आणि पहिला चमत्कार असा झाला की खांब आणि भोंगा यांची स्मरणशक्ती परत आली. पडदा आपणच टाकला होता, आणि तो नजरचुकीने नव्हे तर आतल्या हाकेने, असे भोंग्याला स्पष्ट आठवले. खांबाचे म्हणणे होते की रंग फुलतानाचा शॉट त्याने घेतला, म्हणजे चूक जगाला त्याच्याच डोळ्यांनी दिसली. तो नसता तर नुसता रंग गेला असता. प्रमुखांनी यादी पुन्हा काढली. 'पडदा ऐनवेळी पडणे' ही चूक मंजूर होतीच. पडदा कुठे पडावा हे यादीत लिहिलेले नव्हते, म्हणजे मशीनमध्येही पडू शकत होता. चुकीला मागील तारखेपासून मंजुरी देण्यात आली. 'चुकीचे नियोजन' या विषयावर परिसंवाद झाला. अधीक्षक प्रमुख पाहुणे होते आणि बरे दिसत होते.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी तिघांना एकेक करून आत घेतले.

"चूक कोणाची?" त्यांनी खांबाला विचारले.

"विभागाच्या मार्गदर्शनाखाली माझी," खांब म्हणाला, आणि त्याने चूक, दृष्टी आणि दृष्टिकोन यांवर परीक्षकांना झापड येईपर्यंत विवेचन केले. भोंग्याने आपल्या चिंतनातला काही भाग गाऊन दाखवला. परीक्षकांनी दोघांना उभे राहून दाद दिली. भोंग्याच्या बाबतीत ते गाणे थांबावे म्हणून उभे राहिले असणेही शक्य आहे.

मग मोजपट्टी आत गेली.

"चूक कोणाची?"

"माझी."

"कारण?"

"मी बघितलं नाही. समोर मशीन होतं आणि मी कागद बघत होते."

"भावना?"

"मावशी ओरडली नाही, तेव्हा फार वाईट वाटलं."

"बोध?"

"बटण दाबताना समोर बघावं."

परीक्षक लेखणी उचलून वाट बघत राहिले. "पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच."

परीक्षकांनी प्रमुखांकडे पाहिले आणि प्रमुखांनी खिडकीकडे. इतक्या मोठ्या चुकीतून एवढासा बोध, हे साधनसंपत्तीचा अपव्यय केल्यासारखे होते. शिवाय तिने चूक मंजुरीच्या आधीच, जागच्या जागी आणि कोणी विचारले नसताना कबूल केली होती. ही बाब गैरशिस्तीची होती. तिला नापास करण्यात आले. दोघा मित्रांना विशेष प्रावीण्य मिळाले.

निकालानंतर भोंगा लाँड्रीत आला. तो बराच वेळ दारात घुटमळला. "तू जरा सावरून बोलली असतीस तर," तो म्हणाला, "तिघंही पास झालो असतो गं. थोडं फुलवून सांगायचं. सगळे तेच करतात."

"त्या दिवशी तू पळालास," मोजपट्टी म्हणाली.

"पळालो कुठं? घरी काम होतं."

"भोंग्या."

त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर असे काहीतरी आले, जे त्याच्या चिंतनात कोठेही नव्हते. मग त्याचा फोन वाजला; सत्कार समितीचा होता, आणि तो निघाला.

मोजपट्टी पुढचे वर्षभर तो विषय पुन्हा शिकली. उरलेल्या वेळात तिने मावशीसोबत कोट रंगवले. रुग्णालयाचे काम इतके वाढले की मावशीने आणखी एक मशीन घेतले आणि वाट बघणाऱ्यांसाठी बाके टाकली. बाकांसमोर एक जुना टीव्ही लावला. त्याच्यावर मोजपट्टीचा पहिला व्हिडिओ चालू असे. लोक कपडे न्यायला येत, मोज्याचे गाणे लागलेले बघत आणि कपडे मिळाल्यावरही ते संपेपर्यंत बसून राहत. सापडतो का शेवटी तो मोजा, असे कोणी ना कोणी विचारीच. "बसा की," मावशी म्हणे, "बघा."

ही हकिगत छापण्यापूर्वी संबंधितांना वाचायला देणे आम्हाला योग्य वाटले. प्रमुख पोट धरून हसले आणि म्हणाले, रुग्णालयाची मंडळी अगदी अशीच असतात. भांडारपालांना विभागाचे चित्रण फार पटले. अधीक्षकांनी ती भांडारपालांना मोठ्याने वाचून दाखवली. खांबाला भोंगा हुबेहूब वाटला, भोंग्याला खांब. मोजपट्टीनेही ती वाचली. तिला एकटीलाच ती आपल्याबद्दल आहे असे वाटले.

वाचकांनाही वाचताना ओळखीचे कोणी ना कोणी आठवले असेल, ऑफिसातले, शेजारचे, नाहीतर सासरचे. ते अगदी बरोबर आहे. तेच आमच्या मनात होते. आपण निश्चिंत असावे.